सांगितलेलं माप

कितीतरी वर्षं त्या गल्लीला काचकाकूंचे फक्त हात माहीत होते. फ्रेमच्या दुकानात पुढे गिऱ्हाइकांशी बोलायला त्यांचे यजमान असत. त्यांना सगळे फ्रेमवाले म्हणत. त्यांच्या पाठीमागच्या भिंतीत तिकीटघराला असते तेवढी एक खिडकी होती. फ्रेमवाले टेप लावून माप घ्यायचे आणि मान न वळवता मागे सांगायचे, "अठरा बाय चोवीस, सूत कमी." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मग आतून काच कापायची हिरकणी फिरल्याचा बारीक किरकिराट ऐकू यायचा, क्षणभर शांतता, आणि 'टक्' असा एकच आवाज. जरा वेळानं खिडकीतून दोन हात काच घेऊन बाहेर यायचे. बोटांच्या टोकांना चिकटपट्ट्या, मनगटाला गुंडाळलेलं फडकं. काच फ्रेममध्ये बसायची ती अशी, की कुठे घासावी लागायची नाही की कुठे सैल राहायची नाही.

त्या हातांना चेहरा आहे हे लक्षात आलं एका दुपारी. जवळच्या शाळेतल्या एक बाई वर्गाचा फोटो घेऊन दुकानात आल्या आणि फ्रेमवाले जागेवर नव्हते. बाईंनी बराच वेळ काउंटरवर टिचक्या मारल्या. मग खिडकीत आधी फडकं दिसलं, मग गोल, घामेजलेला चेहरा. भुवईवर काचेची पूड चमकत होती.

"माप हे घेतात," काकू म्हणाल्या. "हे आले की या."

बाई म्हणाल्या, टेप तर इथेच पडली आहे, तुम्हीच घ्या की. तशी काकूंनी दोन्ही हात पाठीमागे नेले. परीक्षेच्या वेळी शेजारच्याच्या वहीत डोकावताना पकडलेलं मूल नेतं ना, अगदी तसे.

"नाही हो. मी मापाला हात लावत नाही."

यामागे एक जुनी गोष्ट होती. दोघांचं नवंनवं दुकान होतं तेव्हा एका मोठ्या आरशाचं माप दोघांनीही घेतलं. यांचं एक आलं, हिचं एक. वाद घालताघालता काच कापली गेली ती कुणाच्याच मापाची नाही. आरसा वाया गेला, गिऱ्हाईक ओरडून गेलं. त्या दिवशी फ्रेमवाल्यांनी दुकानाचा कायदा करून टाकला. दोघांनी मोजलं की दोन मापं होतात, तेव्हा मी मोजीन आणि तू काप. काकूंना तो जाच वाटला नाही. उलट हायसं वाटलं. कानावर आकडा पडला की हात चालू व्हायचे, डोक्याला त्रास नाही. पुढे इतकी वर्षं गेली, पण त्या दुकानात मापाला चुकलेली काच कुणी पाहिली नाही.

दुकानाचा कायदा हळूहळू जिना चढून वर गेला. खाली दुकान, त्याच्या मागे काकूंची कामाची खोली आणि वर राहायच्या दोन खोल्या, असं ते छोटंसं घर होतं. वरही तेच सुरू झालं. पडदे कुठल्या रंगाचे, सुट्टी कधी, बँकेत कुठे सही करायची, हे यांनी सांगायचं आणि काकूंनी करायचं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मध्ये तिसरं मत येण्याचाही प्रश्न नव्हता. फ्रेमवाले गिऱ्हाइकांना मजेत म्हणायचे, "आमच्यात डोकं माझं, हात हिचे. दोघं मिळून एक माणूस होतो."

आतून आवाज यायचा, "आणि त्या एका माणसाला जेवायला दोन ताटं लागतात. भांडी मात्र मीच घासते."

गिऱ्हाईक हसायचं, फ्रेमवालेही हसायचे. सुखाचं होतं ते, खोटं कशाला सांगा.

मग हॉटेलांची कामं आली. एकाच चित्राच्या शेकडो प्रती आणि सगळ्या एका मापाच्या. हॉटेलवाल्यांना काच नको होती. फुटते, जड होते, कटकट नको, म्हणून ते प्लास्टिकचे पारदर्शक ताव मागायचे. ते ताव दुसऱ्या कारखान्यात यंत्रावर कापले जात. फ्रेमवाले दिवसदिवस बाहेर राहू लागले. आतल्या खोलीत काकू कांबळं अंथरलेल्या टेबलाशी बसून राहायच्या आणि कधीमधी एखाद्या आजोबांच्या फोटोची काच कापायच्या. एकदा जेवताना फ्रेमवाल्यांनी, नेहमी माप सांगायचे त्याच आवाजात, सांगितलं, "मी आता तिकडे राहीन."

काकूंनी आधी मान डोलावली. यांच्या बोलण्याचा अर्थ त्यांना भांडी घासताना कळला.

गल्लीनं आपापले तर्क लढवले. कुणी म्हणालं दुसरी कुणी आहे, कुणी म्हणालं पैसा आला की माणसाला जुनी माणसं अडगळ वाटतात. काकूंनी यांना कारण विचारलं नाही. आकडा आला की तो तसा का, हे विचारायची त्यांना कधी सवयच नव्हती. त्या दुकान उघडायच्या आणि खिडकीच्या आतच बसायच्या. कुणी फ्रेम करायला आलं तर त्या सांगायच्या, माप घेऊन या.

वर्षभरानं कोर्टाची नोटीस आली. फ्रेमवाल्यांना काडीमोड हवा होता आणि ते घर विकायचं होतं. घर खालपासून वरपर्यंत त्यांच्याच नावावर होतं. काकूंनी ती नोटीस दोनदा वाचली आणि धाकट्या बहिणीला फोन केला. ही बहीण दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसायची. रोज दोनशे माणसांना रांगेत उभं करून करून जीभ चांगलीच परजलेली. ती आली, नोटीस वाचली आणि म्हणाली, "ताई, काय हवंय तुला? त्यांना परत आणायचंय?"

काकूंनी नाही म्हटलं. मग म्हणाल्या, "मला इथेच राहू द्या म्हणावं. वर नको, विका वरचं. मागची खोली आणि टेबल, एवढं राहू दे."

बहिणीनं त्यांना एका वकीलबाईंकडे नेलं. वकीलबाई तरुण होत्या आणि भराभर बोलायच्या, पण मन लावून ऐकायच्या. घर नावावर नसलं तरी त्यात काकूंचे आयुष्यभराचे कष्ट आहेत, खोली मिळण्याची आशा आहे, असं त्यांनी समजावलं. पण एक पायरी आधीची होती. दोघांनीही आपलं जे काही आहे ते सगळं शपथेवर लिहून एकमेकांसमोर आणि कोर्टासमोर ठेवायचं. हॉटेलांची कामं फ्रेमवाले त्यात दाखवणार नाहीत, अशी वकीलबाईंची अटकळ होती.

"तिथेच आपण त्यांना धरू," त्या म्हणाल्या. "पण त्यासाठी आपलं लिहिलेलं अगदी चोख हवं. लहान असो, मोठं असो, विसरलेलं असो. ज्यानं लपवलं, त्याच्या शब्दाला पुढे किंमत राहत नाही. तुमच्या नावावर काय काय आहे, ते आठवून या."

काकूंनी घरी येऊन आठवायचा खरोखर प्रयत्न केला. कागदांचं कपाट फ्रेमवाले जातानाच घेऊन गेले होते. भिंतीवर तेवढा त्याचा चौकोनी डाग राहिला होता. काकू त्या डागासमोर बसल्या, पण डोक्यात काहीच येईना. शेवटी त्यांनी तेच केलं जे इतकी वर्षं केलं होतं. त्यांनी फोन लावला.

"अहो, मी बोलतेय."

"बोल."

"ते कोर्टाला लिहून द्यायचंय ना, माझ्या नावावर काय काय आहे ते. काय आहे?"

पलीकडे कसलंसं यंत्र चालू होतं. ते कुणीतरी बंद केलं.

"तुझ्या नावावर काय असणार?" फ्रेमवाले म्हणाले. "बँकेतलं ते खातं. आणि तुझे दागिने. बस."

"बाकी काही?"

"बाकी काही नाही." आणि मग थोडं थांबून, "जेवलीस का?"

जेवले, असं काकूंनी सांगितलं. फोन ठेवताना त्यांचा जीव भांड्यात पडला. माप मिळालं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वकीलबाईंना सगळं सांगितलं. खातं आणि दागिने. वकीलबाईंनी लेखणी थांबवून विचारलं, खात्री आहे ना, नीट आठवून सांगताय ना? काकू म्हणाल्या, पक्कं आहे. कुणाला विचारलं ते त्यांनी सांगितलं नाही. लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. काच कापणाऱ्याला माप कुठून आलं हे कुणी विचारत नाही, त्यामुळे सांगायचंही सुचलं नाही.

सुनावणीची खोली काकूंना वाटली होती त्यापेक्षा बरीच लहान निघाली. चार बाकं, भिंतीवर मागे पडलेलं घड्याळ आणि न्यायाधीशांच्या मेजावर एक मोठी काच. तिचा डावा कोपरा मेजाच्या बाहेर सूतभर आला होता. काकूंची नजर तिथेच अडकली. कुणाची तरी बाही कधीतरी त्यात फाटणार, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

फ्रेमवाल्यांचे वकील उंच होते, आवाज असा की जणू आजाऱ्याशी बोलतायत. आपल्या अशिलानं सगळं उघड केलं आहे, दुकान, घर, खातं, गाडी, असं त्यांनी सांगितलं. मग एक कागद पुढे केला. गावाबाहेर कारखान्यांच्या वसाहतीत एक गोदाम होतं. चांगलं ऐसपैस. ते काकूंच्या नावावर होतं, आणि काकूंनी शपथेवर दिलेल्या माहितीत त्याचा उल्लेख नव्हता.

कागद काकूंच्या हातात आला. खाली सही त्यांचीच होती. शेवटच्या अक्षराशी शाई जरा पसरली होती, आणि ते पाहून त्यांना ती दुपार आठवली. आठेक वर्षांपूर्वीची. टेबलावर भली मोठी काच होती, हिरकणीची अर्धी रेघ मारून झालेली. खिडकीतून यांचा हात आत आला, हातात कागद. "इथे, इथे आणि इथे," हे म्हणाले. काकूंनी फडक्याला बोटं पुसली, तीन सह्या केल्या, कागद खिडकीतून परत दिला आणि उरलेली रेघ मारली. त्यांना चिंता होती ती रेघ मध्येच थांबवल्यामुळे काच वेडीवाकडी तर फुटणार नाही ना, याची. काच सरळ फुटली, आणि कागद त्या विसरून गेल्या.

"ही सही तुमची?" न्यायाधीशांनी विचारलं. वयस्कर होते, बोलणं मवाळ.

"हो."

"मग हे गोदाम तुम्ही का नाही लिहिलंत?"

काकूंनी मान वळवली आणि फ्रेमवाल्यांकडे पाहिलं. फ्रेमवाले आपल्या बुटांकडे बघत होते. सगळी खोली थांबली होती आणि काकूही थांबल्या होत्या. उत्तर तिकडून येईल म्हणून थांबल्या होत्या, हे त्यांच्या मागे बसलेल्या बहिणीला कळलं आणि तिनं डोळे मिटून घेतले.

वकीलबाई उठल्या. आपल्या अशिलाला या गोदामाची कल्पनाच नव्हती, असं त्यांनी सांगितलं. मग न्यायाधीशांनी काकूंनाच विचारलं, तुम्ही ही माहिती कशावरून दिलीत?

"यांना विचारलं," काकू म्हणाल्या.

"कुणाला?"

"यांनाच. मी फोन केला होता. नेहमी हेच सांगतात."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. उंच वकिलांनी मवाळपणे म्हटलं की आता यांची शपथही माझ्या अशिलानंच घेतली असं दिसतं. फ्रेमवाल्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, फोन आला होता, घरगुती बोलणं झालं, काय बोललो ते नेमकं आठवत नाही. न्यायाधीशांनी दोघांकडे पाहिलं. त्यांना काकूंचा राग आला असावा असं नाही, पण समोर कागद होता आणि कागदावर शपथ होती.

"बाई, शपथ तुमची होती," ते म्हणाले. "त्यांची नव्हती."

त्यानंतर वकीलबाईंनी हॉटेलांच्या कामांचा विषय काढला. फ्रेमवाल्यांनी त्यातलं काहीच उघड केलेलं नाही, त्याची चौकशी व्हावी, असं त्या जीव तोडून सांगत होत्या. पुरावा काय, असा प्रश्न आला. पुरावा म्हणजे काकूंनी डोळ्यांनी पाहिलेल्या चित्रांच्या थप्प्या आणि कानांनी ऐकलेली मापं. सकाळपर्यंत त्या पाहण्या-ऐकण्याला थोडंफार वजन होतं. आता उंच वकिलांना एकच वाक्य बोलावं लागलं. ज्या बाईंना स्वतःचं अख्खं गोदाम दिसलं नाही, त्यांना दुसऱ्याची कामं कशी दिसली? चौकशी झाली नाही.

बाहेरच्या व्हरांड्यात वकीलबाईंचा संयम सुटला. त्या म्हणाल्या, मी तुम्हाला स्पष्ट विचारलं होतं, तेव्हा का नाही सांगितलंत?

"तुम्ही खात्री आहे का विचारलंत," काकू म्हणाल्या. "मला खात्री होती."

वकीलबाई कागद पिशवीत भरू लागल्या. बहिणीला मात्र गप्प राहवेना. "ज्याच्याशी भांडण, त्यालाच विचारून जबाब लिहिलास? ताई, अगं तू वकीलबाईंकडे तरी कशाला गेलीस? त्यांच्याच वकिलाला सांगायचंस, तुमचं होऊन वेळ उरला तर माझंही बघा."

तेवढ्यात फ्रेमवाले तिथून जाताना थांबले. बहीण पाठ करून उभी राहिली. ते काकूंना हळू आवाजात म्हणाले, "मला खरंच आठवलं नव्हतं गं त्या वेळी. नंतर वकिलानं शोधून काढलं."

काकू त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या. हा माणूस खरं बोलतोय की खोटं, हे त्यांना त्या क्षणी हवं होतं, आणि सांगणारं कुणी नव्हतं. इतक्या वर्षांच्या ओळखीचा चेहरा, भुवया, नाकाचा शेंडा, हनुवटीवरची जुनी खूण. पण त्यावरून काही कळेना. फोनवर 'जेवलीस का' विचारणारा आवाज तेवढा पुन्हापुन्हा कानात येत होता, आणि तोही काही सांगत नव्हता.

निकाल लागला तो असा. गोदाम काकूंचं, घर फ्रेमवाल्यांचं. कागदावर गोदाम मागच्या खोलीपेक्षा कितीतरी मोठं होतं, तेव्हा काकूंवर अन्याय झाला असं कुणाला म्हणताही येईना. वरच्या कोर्टात जाता येईल, वकीलबाई म्हणाल्या, पण ती शपथ तिथेही आपल्या आधी पोचलेली असेल. काकूंनी बहिणीकडे पाहिलं, बहिणीनं वकीलबाईंकडे. तो विषय तिथेच संपला.

गोदाम पाहायला दोघी बहिणी गेल्या. पत्र्याचं छप्पर, एकही खिडकी नाही, समोर मालट्रकांचा रस्ता. विजेची जोडणी कधीची तोडलेली. त्या रस्त्यानं आजोबांचा फोटो काखेत धरून कोण चालत येणार होतं? बहीण शटरवर थाप मारून म्हणाली, "घे. मालकीणबाई झालीस." काकू कसनुशा हसल्या.

घर रिकामं करायच्या दिवशी टेबलाचं अडलं. ते त्या खोलीतच बनवलं होतं, पाय खुंट्या ठोकून कायमचे बसवलेले. आडवं केलं तरी दारातून निघेना. दोन हमाल घाम पुसत उभे राहिले. तेवढ्यात घराच्या किल्ल्या घ्यायला फ्रेमवाले आले. दारात उभं राहून त्यांनी टेबल पाहिलं, खिशातून टेप काढली, आधी दार मोजलं, मग टेबलाची उंची.

"पाय कापावे लागतील," ते म्हणाले. "सहा इंच, सूत जास्त."

हमालाकडे करवत होती. बहीण "ताई" एवढंच म्हणाली. काकूंनी करवत घेतली, गुडघे टेकले आणि चारही पाय कापले. सहा इंच, सूत जास्त. फ्रेमवाले बाजूला उभे होते, भुसा त्यांच्या बुटांवर पडत होता. टेबल आडवं करून हमालांनी उचललं आणि ते दाराच्या चौकटीला न लागता बाहेर गेलं. काकूंनी कांबळं घडी करून काखेत घेतलं, हिरकणी फडक्यात गुंडाळली, आणि मग खिडकीशी जाऊन तिची झडप आतून लावून घेतली. फ्रेमवाल्यांनी किल्ल्या मागितल्या, त्यांनी दिल्या.

काकू सध्या बहिणीकडे राहतात. सकाळी बसनं गोदामात जातात आणि उजेडासाठी शटर अर्धं वर करून ठेवतात. खिडक्या बसवणारे एक-दोन कारागीर मापं घेऊन येतात आणि शटरखालून वाकून आत सांगतात. टेबलाच्या चारही पायांखाली विटा ठेवल्या आहेत.